उशिराच्या यादीतलं नाव

हिनोउरात कुणाला अ‍ॅनिमे बघायचा असेल, आणि त्यात आरडाओरडा, स्फोट, तलवारी आणि दर दोन मिनिटांनी किंचाळणाऱ्या मुली नको असतील, तर त्याने नागामाची व्हिडिओ या भाड्याच्या डिस्कांच्या दुकानात शिरून थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं, डावीकडे वळायचं आणि त्सुचिदाकाकूंना हाक मारायची. हे गावात पोरासोरांपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

यासुए त्सुचिदा, वय अठ्ठावन्न. दिसायला अशा, की बँकेच्या काउंटरमागे बसल्या असत्या तर आपण निमूट अर्ज भरून दिला असता. करडा एप्रन, कानामागे पेन्सिल, आणि हसू आलं तर ते आधी नाकातून बाहेर पडायचं. दुकानात त्यांना अकरा वर्षं झाली होती. सुरुवातीला त्यांच्याकडे सामुराईपटांचं कपाट होतं. मग अ‍ॅनिमेवाली मुलगी लग्न करून सेन्दाईला गेली, आणि मालक नागामाची त्यांच्यापाशी येऊन मान खाजवत म्हणाले, "त्सुचिदासान, ते आपलं... कार्टूनचं... म्हणजे कुणीतरी जर..."

नागामाचींनी जन्मात एक वाक्य पुरं केलेलं नाही. अर्धं ते बोलत, उरलेलं ऐकणाऱ्याने आपलं आपण पुरं करायचं. यासुएबाईंनी पुरं केलं आणि कपाट अंगावर घेतलं.

त्या वेळी घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन खोल्यांमध्ये कागदी दार. टीव्हीचा आवाज दोनच्या वर गेला की पलीकडून खोकला यायचा. दुखण्याचा नव्हे, तक्रारीचा. त्यामुळे यासुएबाईंनी कपाटातली एकेक मालिका आवाज दोनवर ठेवून पाहिली. त्यात त्यांना एक शोध लागला. आवाज काढून घेतला की निम्म्याहून अधिक मालिका मीठ विसरलेल्या सारासारख्या लागतात. पण काही मोजक्या अशा निघत, की त्यांना आवाजाची गरजच नसे. एक बाई रिकाम्या फलाटावर छत्री मिटते, एवढंच दोन मिनिटं. आणि आपण चहा प्यायचं विसरतो. त्या मोजक्या मालिका यासुएबाईंनी वेगळ्या काढल्या आणि मागच्या भिंतीला डावीकडे लावल्या. सासूबाई गेल्या त्याला पाच वर्षं झाली. आवाज मात्र दोनवरून तीनवर गेला नाही.

प्रत्येक खोक्यावर त्या स्वतःच्या हाताने लिहून एक कार्ड चिकटवत. इतर दुकानांत कार्डावर लिहितात, "रडून रडून डोळे सुजतील!" यासुएबाईंचं वेगळं. "ज्यांचा निरोप घ्यायचा राहून गेला त्यांच्यासाठी. चौथ्या भागात कंटाळा येईल, येऊ द्यावा." किंवा, "जेवताना बघू नये. जेवण गार होतं." किंवा नुसतंच, "यात कुणी जिंकत नाही."

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. कॉलेजातला लांब केसांचा पोरगा यायचा आणि डोळे अर्धे मिटून म्हणायचा, "काकू, खोल काहीतरी द्या. मागचं खोल होतं, नाही असं नाही, पण खोलात तितकं खोल नव्हतं."

"अरे, विहीर खणतोयस का तू?"

"तुम्हाला नाही कळायचं, काकू."

"नाही ना कळत. म्हणून तर आवडतं. हे घे. पहिल्या भागात एक माणूस नुसता जिना चढतो. झोप लागली तर परत आण."

एकदा भाजीवाल्या आजी आल्या, पाठीत वाकलेल्या. "ज्यात कुणी मरत नाही असं दे गं."

"आजी, या कपाटात सगळेच मरतात."

"हळू मरतात का?"

"हो, हळू मरतात."

"मग चालेल. घाईघाईत मेलेलं नाही बघवत मला."

असं सगळं. आणि या सगळ्यांत शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी येणारे उकाईसान.

उकाई गावाबाहेरच्या कामाबोकोच्या कारखान्यात होते. कामाबोको म्हणजे नववर्षाच्या डब्यात लाल-पांढऱ्या चकत्या लागतात, त्या माशाच्या वड्या. पंचेचाळीस-सेहेचाळीस वय, रुंद खांदे, आणि त्या खांद्यांबद्दलही क्षमा मागितल्यासारखी चाल. दार सरकवलं की, "माफ करा." छत्री स्टँडमध्ये ठेवली की, "माफ करा हं." कुणी वाटेत उभा असला तर त्याची माफी, कुणी वाटेत नसला तर त्या रिकाम्या वाटेची माफी. अंगाला माशाचा वास यायचा आणि तो येतो हे त्यांना माहीत असायचं, म्हणून काउंटरपासून हातभर लांब उभं राहून ते दोन्ही हातांनी डिस्क पुढे सरकवत. मग मागच्या आठवड्याचा निकाल. चारच शब्द.

"संगीत जरा जास्त झालं."

किंवा, "शेवटी सगळं समजावून सांगतात. नको होतं."

किंवा क्वचित, मान खाली घालून, "हे बरोबर होतं. माफ करा, याहून काळोखी असेल का? याहून शांत?"

यासुएबाईंना असं गिऱ्हाईक अकरा वर्षांत मिळालं नव्हतं. दोन वर्षं त्या आठवडाभर त्या चार शब्दांवर विचार करत. "संगीत जास्त" म्हणाले म्हणजे तिसऱ्या भागातली ती पियानोची जागा. बरोबर, तिथे मलाही खटकलं होतं. हा माणूस मासे कुटतो आणि याला हे कळतं! दोघांच्यात याहून जास्त बोलणं झालं नाही. हवापाणी, बर्फ, रस्ता निसरडा. घरी कोण आहे, काळोखच का हवा, रात्री झोप लागते का, हे विचारणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून त्याचा फ्रिज उघडण्यासारखं. आमच्याकडे कुणी विचारत नाही. समोरच्याचा चेहरा बघायचा, आणि जे दिसलं ते दिसलंच नाही असं दाखवायचं. यालाच शहाणपण म्हणतात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी उकाई आले ते काउंटरपाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, माफ करा. तुमच्याकडे आहे त्यातलं सगळ्यात काळोखी द्या. एकच द्या. मग पुरे."

"पुरे म्हणजे?"

"म्हणजे... पुरे. माफ करा."

यासुएबाईंचा हात पेन्सिलीकडे गेला आणि तसाच राहिला. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक डिस्क होती, जिच्यावर त्यांनी अजून कार्ड लावलं नव्हतं. धरणात बुडालेल्या एका गावाची गोष्ट. पहारेकरी रोज धरणावर येतो, खाली पाण्यात बघतो, आणि आपल्या घराचं छप्पर आज किती दिसतंय ते वहीत लिहितो. शेवटच्या भागात वही कोरी. कुणासाठी म्हणून लिहावं हे न सुचल्यामुळे कार्ड राहून गेलं होतं. त्यांनी ती दिली. उकाईंनी दोन्ही हातांनी घेतली, तीनदा माफी मागितली आणि गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी यासुएबाईंनी दुकान उघडलं आणि दाराशेजारची परतीची पेटी रिकामी केली. दुकान बंद असताना लोक त्या पेटीच्या फटीतून डिस्क आत टाकतात. सगळ्यात वर, निळ्या पिशवीत, धरणाची डिस्क होती.

दोन वर्षांत उकाईंनी एकही डिस्क पेटीत टाकली नव्हती. नेहमी हातात, दोन्ही हातांनी, चार शब्दांसकट. यासुएबाईंनी पिशवी उघडून पाहिली. चिठ्ठी नाही, काही नाही. संगणकावर नोंद करायला डिस्क यंत्रापुढे धरायची, 'टिंग' झालं की गिऱ्हाईक मोकळं. त्यांनी धरली नाही. दुपारी चार-दहाला येतीलच, तेव्हा सहज म्हणून विचारू, "आज पेटीत कशी?" आणि समोरच नोंद करू. डिस्क त्यांनी काउंटरच्या खणात ठेवली.

चार-दहा झाले. साडेचार झाले. सहा वाजता बाहेर बर्फ भुरभुरायला लागला, आणि दाराची घंटा वाजली की यासुएबाईंची मान वर, घंटा वाजली की मान वर. लांब केसांचा पोरगा म्हणालासुद्धा, "काकू, माझी इतकी वाट बघता?"

"तुझी कोण बघतंय? विहीर झाली का खणून?"

बोलल्या, पण हसू नाकातून आलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारीही उकाई आले नाहीत. सगळ्यात काळोखी द्या. एकच द्या. मग पुरे. हे तीन तुकडे यासुएबाईंच्या डोक्यात धुण्याच्या यंत्रासारखे फिरत राहिले. घरी जेवायला बसल्या तर समोर ते धरण. मीच दिलं. माणूस काठावर उभा होता आणि मी त्याला खाली वाकून बघायला पाणी दिलं. दोन वर्षं चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी काय केलं? "रस्ता निसरडा आहे, जपून जा," म्हटलं.

फोन करावा? नंबर सभासदांच्या यादीत होता. पण नागामाचींचा कडक नियम होता. मागे एकदा दुकानातल्या कुणीतरी एका गिऱ्हाइकाच्या घरी भलताच फोन केला होता, नवऱ्याने काय नेलं ते बायकोला कळलं, आणि गावभर तमाशा झाला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला फोन फक्त एकाच कारणासाठी: डिस्क आठवड्याहून जास्त उशिरा असेल तर. "कसे आहात?" म्हणून फोन नाही. आणि नियम नसता तरी यासुएबाईंनी केला नसता. काय म्हणणार? तुम्ही जिवंत आहात का, असं?

सोमवारी सकाळी उशिराची यादी छापून आली. नागामाचींनी ती नाकापाशी धरली. "त्सुचिदासान, हे बघा... उकाई... नऊ दिवस. असा माणूस नव्हे तो, पण यादी म्हणजे..."

डिस्क खणात होती. खणाची किल्ली एप्रनच्या खिशात. हात घालायचा, डिस्क काढायची, टिंग, नाव गेलं. यासुएबाईंनी खिशात हात घातला. किल्ली मुठीत धरली, थंडगार. आणि म्हणाल्या, "मी करते त्यांना फोन."

आता त्यांना हक्क होता.

फोन सहाव्यांदा वाजून उचलला गेला. मागे यंत्रांचा धडधडाट, कुणीतरी "गरम! गरम! बाजूला!" ओरडतंय.

"हॅलो, उकाई बोलतोय, माफ करा, आवाज फार आहे."

यासुएबाईंनी पायाने स्टूल ओढून घेतलं. जिवंत. मासे कुटतोय. तोंडातून मात्र रोजचं, पाठ झालेलं वाक्य बाहेर पडलं. "नागामाची व्हिडिओतून बोलतेय. आपण नेलेली एक डिस्क अजून पोचलेली दिसत नाही, म्हणून..."

पलीकडे धडधडाट जरा दूर गेला. उकाई बाजूला आले असणार.

"पोचली नाही?"

"तशी नोंद... आपण बरे आहात ना?"

"मी? मी बरा. वर्षअखेर आहे ना, शनिवारीही काम, रविवारीही... पोचली नाही? पेटीत?" मग एकदम आवाजाची धार गेल्यासारखी झाली. "माफ करा. अगदी माफ करा. मी बघतो. माझी चूक. मी विचारतो. माफ करा." आणि फोन ठेवला.

वर्षअखेर! सगळ्या जपानला पहिल्या तारखेला लाल-पांढऱ्या चकत्या लागतात, डिसेंबरात कामाबोकोवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. यासुएबाई स्टुलावर बसून नाकातून हसल्या, मग डोळे पुसले, मग नागामाचींनी लपवून ठेवलेलं बिस्किट खाल्लं. खण उघडला. टिंग. मग "सापडली हो, आमचंच चुकलं" म्हणायला पुन्हा फोन लावला. उचलला नाही. दुपारी दोनदा लावला. कामाची पाळी चालू असणार. उद्या सांगू, त्या म्हणाल्या. एवढं काय त्यात.

"मी विचारतो" म्हणजे कुणाला, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी दुपारी दोनला दार सरकलं. उकाई. कारखान्याचे पांढरे रबरी बूट पायात, डोक्याला जाळीची टोपी तशीच, हातात कापडात बांधलेला डबा. आज ते हातभर लांब थांबले नाहीत. सरळ काउंटरपाशी येऊन कंबरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"डिस्क सापडत नाही. मी भरून देतो. हे आमच्या कारखान्याचं थोडं... कृपा करून घ्या."

"अहो उकाईसान, उठा, सापडली! कालच सापडली. मी फोन केला होता तुम्हाला. आमचीच चूक. पेटीच्या मागच्या बाजूला पडली होती." आणि त्यांनी डिस्क काढून दाखवलीसुद्धा.

उकाईंनी डिस्ककडे पाहिलं. मग यासुएबाईंकडे. आणि पुन्हा वाकले, आधीपेक्षा खाली.

"तुम्ही फार समजूतदार आहात, बाई. असं म्हणताय, ही तुमची दया."

"दया कसली? ही बघा ना!"

"दुकानात दुसरी असते, मला माहीत आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही असंच म्हटलं असतं. माफ करा. पण सांगायलाच हवं. ती खोटं बोलली. माझी मुलगी."

आणि मग दोन वर्षांत जे बोलले नव्हते ते उकाई जाळीची टोपी हातात चुरगाळत बोलले. मुलगी मिनोरी, एकोणीस वर्षांची. आई सहा वर्षांपूर्वी माहेरी गेली ती आलीच नाही. मिनोरी पंधराव्या वर्षी एका सोमवारी शाळेतून आली, खोलीत गेली, दार लावलं. चार वर्षं झाली. जेवण दाराबाहेर, ताटावर. बोलणं चिठ्ठ्यांवर. अ‍ॅनिमे तिच्यासाठी. ते चार शब्द तिचे. "मी काय बघणार, बाई? मला त्यातलं काही कळत नाही. तिनं लिहावं, 'संगीत जास्त,' मी तुम्हाला म्हणावं, 'संगीत जास्त.'"

यासुएबाईंनी कानामागची पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली.

"मग मागच्या महिन्यात चिठ्ठी आली. सगळ्यात काळोखी एक, मग पुरे. मी घाबरलो. आठवडाभर दाराशीच बसून जेवलो. आणि परतीच्या शनिवारी मला सुट्टी नव्हती, पहाटे चारला निघालो. संध्याकाळी आलो तर ताटावर ही." त्यांनी पाकिटातून कागदाचा तुकडा काढला. चार घड्या घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर बारीक अक्षरांत: परत करून आले.

"आले, बाई. गेली होती ती! चालत. चार वर्षांनी. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि मोडलं तर? पण मी कारखान्यात लाइनवर शेजारच्या बाईला सांगितलं. मी कधी कुणाला काही सांगत नाही. तिला सांगितलं, मुलगी बाहेर गेली होती. आणि काल तुमचा फोन." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "घरी गेलो आणि दाराशी उभा राहून म्हणालो, का खोटं बोललीस? आवाज चढला माझा. आजपर्यंत चढला नव्हता. कालपासून तिनं ताट आत घेतलेलं नाही."

आता काय बोलायचं? 'पेटीच्या मागे पडली होती' बोलून झालं होतं. आणखी शंभर वेळा बोलल्या असत्या तरी उकाई शंभर वेळा वाकून म्हणाले असते, तुमची दया. या गावात सगळे एकमेकांना सांभाळून इतकं गोड खोटं बोलतात, की कुणी खरं बोललं तर तेही त्याच भांड्यात जाऊन पडतं. विश्वास बसेल अशी एकच गोष्ट यासुएबाईंपाशी होती, ती म्हणजे लाज वाटेल ती.

पलीकडे नागामाची किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. भाजीवाल्या आजीही होत्या. यासुएबाईंनी आवाज कमी केला नाही.

"डिस्क त्याच शनिवारी सकाळी पेटीत होती. सगळ्यात वर. निळी पिशवी, गाठ दोनदा मारलेली. मी ती खणात ठेवली. नोंद केली नाही. मुद्दाम. तुम्ही उशिराच्या यादीत यावं म्हणून."

"मुद्दाम?"

"मला वाटलं तुम्ही जीव दिलात." मागे नागामाचींच्या हातून चिठ्ठ्यांची गुंडाळी पडली आणि घरंगळत गेली. "'मग पुरे' म्हणालात ना. मला फोन करायला कारण हवं होतं. नुसतं विचारायची हिंमत नव्हती. म्हणून तुमचं नाव चोरासारखं यादीत घातलं. फोनवर तुम्ही बोललात तेव्हा तरी सांगायचं, तेही नाही सांगितलं. तुमची मुलगी आली होती इथे. ती खरं बोलली. खोटं मी बोलले."

उकाईंना मुलीच्या गाठीवर गाठ मारायच्या सवयीची आठवण झाली असेल, नाहीतर 'दोनदा' हा शब्द लागला असेल. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. राग येईल असं यासुएबाईंना वाटलं, यावा असंही वाटलं. उकाई एवढंच म्हणाले, "गाठ ती नेहमी दोनदा मारते. लहानपणापासून." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा माफी न मागता, "चला. तिला सांगा."

नागामाची म्हणाले, "त्सुचिदासान, तुम्ही जा, दुकान मी..." आणि कधी नव्हे ते वाक्य पुरं केलं, "बघतो."

उकाईंचं घर कालव्यापलीकडे, चाळीसारख्या लांब इमारतीत खालच्या मजल्यावर. आत अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला मिनोरीच्या खोलीचं दार, दाराबाहेर ताट. भात वाळून कडा पिवळ्या पडलेल्या, सारावर साय. यासुएबाई लाकडी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि बंद दाराला म्हणाल्या, "मिनोरीसान, मी दुकानातली त्सुचिदा."

त्यांनी सगळं सांगितलं, खण, किल्ली, यादी, फोन. सांगताना मधेच त्यांच्या लक्षात आलं की या मुलीशी आपण दोन वर्षं बोलतोय. हिच्यासाठीच कपाट शोधलं, हिचंच 'बरोबर होतं' ऐकून आठवडा गोड गेला. ते मात्र त्या बोलल्या नाहीत. आज ते मागणं झालं असतं.

मग दाराच्या खालून, जमिनीलगत, आवाज आला. मुलगी दारापाशीच बसली होती. आवाज गंजलेला, मधे मधे हवाच नुसती.

"बाई, तुम्हाला काय वाटलं ते ठीक आहे. तुम्ही मला ओळखत नाही."

"मिनोरी," उकाई बोळात तसेच बूट घालून बसले होते, "माझं चुकलं. माफ कर. मला माफ—"

"ते तुम्ही छत्रीलाही म्हणता."

उकाईंनी हातातली जाळीची टोपी जमिनीवर ठेवली.

"बाबा, मी लिहून दिलं होतं. तुम्ही दोन शनिवार ते पाकिटात ठेवलंत. आणि दुकानातून एक फोन आला तर..." मधे नुसती हवा. "एका फोनवर."

यासुएबाईंनी कबुली दिली होती, डिस्क सापडली होती, मुलगी खरी ठरली होती, आणि तरी बोळात जे मोडून पडलं होतं ते तसंच पडलं होतं. यासुएबाईंना उठून जावंसं वाटलं. पण त्या उठल्या नाहीत. उकाईंनी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तोच एक शब्द ओठांवर आला असणार. तिन्ही वेळा त्यांनी तो गिळला.

मग ते म्हणाले, "कुठल्या रस्त्याने गेलीस?"

उकाई दाराजवळ सरकले.

"कालव्याच्या पुलावरून? की..."

"पुलावर उजेड असतो."

"मग?"

"शाळेच्या मागून."

उकाईंनी डोळे मिटले. शाळेच्या मागून म्हणजे दुप्पट अंतर, चढ, आणि ती शाळा. विचारू नका, असं यासुएबाईंच्या अंगातलं सगळं शहाणपण ओरडत होतं. आता थांबा, आता सोडा.

"एवढ्या अंधारात, शाळेच्या मागून?"

"बंद असेल वाटलं पहाटे. दिवे होते. पोहण्याच्या तलावापाशी कुणीतरी होतं, शिपाई असेल. मी भिंतीला चिकटून उभी राहिले."

"किती वेळ?"

"खूप. पाय ओले झाले."

"बूट कुठले घातलेस?"

"तुमचे. माझे होत नाहीत आता."

उकाईंनी बूट काढायचे राहिलेल्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "भीती वाटली?"

"मूर्खासारखं नका विचारू."

"विचारतो," उकाई म्हणाले. "मूर्खासारखं विचारतो. पुढे?"

दार उघडलं नाही. ताटही आत गेलं नाही. पण आतून मुलगी सांगत राहिली, तुटक तुटक, कंटाळल्यासारखी, मधेच चिडून, की तो शिपाई खोकला, की एक गाडी गेली, की वळणावर ती परत फिरायला निघाली होती. आणि दर वाक्यामागे उकाई, दाराला कान लावून, अनोळखी भाषा शिकणाऱ्या माणसासारखे अडखळत एकेक प्रश्न विचारत होते. यासुएबाई भिंतीला धरून हळूच उठल्या. त्यांची कुणाला आठवण नव्हती. त्या नमस्कार न करताच बाहेर पडल्या.